चाकरमान्यांचा हिशेब

गेले दोन-तीन वीकेंड जनगणनेचे जुने आकडे चाळण्यात गेले. (लोक सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला जातात, मी आकडे चाळतो. ज्याची त्याची आवड!) त्यात एका ठिकाणी अडकलो आणि तिथून हा लेख सुरू झाला.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्रातल्या फक्त तीन जिल्ह्यांची लोकसंख्या कमी झाली. रत्नागिरी १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. आणि तिसरा जिल्हा? मुंबई शहर! ३३,३८,०३१ वरून थेट ३०,८५,४११. (मुंबई शहर जिल्हा म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचा भाग. अंधेरी-बोरिवली-मुलुंड हा उपनगर जिल्हा वेगळा मोजतात.) पुढची जनगणना २०२१ मध्ये व्हायची होती, ती पुढे ढकलली गेली, त्यामुळे हातात आहेत ते हेच आकडे.

कोकणातले दोन जिल्हे रिकामे होतायत हे समजू शकतं. लोक पोटासाठी शहरात जातात, गावं ओस पडतात, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. पण मग ज्या शहरात ते जातात तेच शहर त्याच दहा वर्षांत का आटावं? एकीकडे कौलारू घराला कुलूप आणि दुसरीकडे देशातली सगळ्यात महाग जमीन. या दोन टोकांना एकच आजार कसा काय झाला?

थोडं खोदल्यावर माझं मत असं झालं की ही दोन टोकं वेगळी नव्हतीच. सव्वाशे वर्षं रत्नागिरी आणि गिरणगाव मिळून एकच घर होतं, ज्याची चूल एका जिल्ह्यात आणि कमाई दुसऱ्या जिल्ह्यात होती. आणि या घराचा खर्च नेमका कोणी उचलला, हा हिशेब कुठल्याच वहीत नीट लिहिलेला नाही. तो मांडायचा हा एक प्रयत्न.

साहेबाचे नियम आणि आपली आगबोट

स्थलांतराच्या अभ्यासात एक नाव हमखास येतं, अर्न्स्ट जॉर्ज रॅव्हनस्टाईन. मूळचा जर्मन, इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला भूगोलतज्ज्ञ. १८८५ साली त्याने ब्रिटनच्या जनगणनेचे आकडे घेऊन 'स्थलांतराचे नियम' मांडले. बहुतेक माणसं जवळच्याच ठिकाणी जातात. स्थलांतर टप्प्याटप्प्याने होतं, म्हणजे खेड्यातला माणूस आधी जवळच्या गावात आणि तिथून मोठ्या शहरात. प्रत्येक प्रवाहाला एक उलटा प्रवाह असतो. वगैरे वगैरे. आम्हा इंजिनिअर लोकांना असे नियम दिसले की बरं वाटतं, जग कसं सुटसुटीत होतं!

पण हे नियम रत्नागिरीला लावायला गेलं की पंचाईत होते. रत्नागिरीचा माणूस टप्प्याटप्प्याने गेलाच नाही. आधी चिपळूण, मग पनवेल, मग मुंबई असं काही घडलं नाही. मधे तसं पोट भरणारं शहर नव्हतंच. तो बंदरावर आला, आगबोटीत बसला आणि उतरला तो एकदम मुंबईत. वेंगुर्ला, जयगड, हर्णै अशी बंदरं करत आगबोटी जायच्या. घाट चढून कोल्हापूरला जाण्यापेक्षा समुद्राने मुंबई सोपी होती. पावसाळ्यात मात्र बोटी बंद, म्हणजे जून ते नारळी पौर्णिमा इकडची माणसं इकडे, तिकडची तिकडे. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ साल उजाडलं. म्हणजे देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदर ते ठाणे धावली (१८५३) त्यानंतर १४५ वर्षांनी! विशेष म्हणजे या सव्वाशे-दीडशे वर्षांत कोकणाने त्याच मुंबईला गिरण्या चालवायला माणसं पुरवली.

दुसरी गंमत उलट्या प्रवाहाची. रॅव्हनस्टाईनच्या नियमात जाणारे वेगळे आणि परत येणारे वेगळे धरलेत. इथे जाणारा आणि येणारा माणूस एकच! दरवर्षी जाणार, दरवर्षी येणार. त्याला कोकणात एक खास शब्द आहे: चाकरमानी. चाकरी तिकडची आणि मान इकडचा.

रत्नागिरीच का?

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईतली पहिली कापड गिरणी काढली आणि १८५६ साली ताडदेवला ती चालू झाली. मग अमेरिकेत यादवी युद्ध (१८६१ ते ६५) पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६४ च्या मोजणीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती. युद्ध संपलं, फुगा फुटला, आणि १८७२ च्या जनगणनेत ती ६,४४,४०५ भरली. हा आकडा लक्षात ठेवा. आठ वर्षांत पावणेदोन लाख माणसं कमी. ती मेली नव्हती. काम संपलं तशी बहुतेक जण जिथून आली तिथे गेली. मुंबई ही पहिल्यापासूनच श्वास घेतल्यासारखी माणसं आत घेणारी आणि बाहेर सोडणारी जागा होती.

पुढे गिरण्या वाढत गेल्या. १९२० च्या दशकात ऐंशीच्या आसपास गिरण्या आणि दीड लाखाच्या आसपास कामगार होते. १९२१ साली मुंबईची लोकसंख्या पावणेबारा लाख होती आणि त्यातली सुमारे ८४ टक्के माणसं मुंबईबाहेर जन्मलेली होती. म्हणजे रस्त्यावर भेटणाऱ्या शंभरातले सोळाच 'मूळचे मुंबईचे'. (मूळचे मुंबईकर कोण यावर वाद घालणाऱ्यांनी हा आकडा फ्रेम करून भिंतीवर लावावा.) यात दोन लाखांहून जास्त माणसं एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली. तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही आला, तो १९८१ साली वेगळा झाला. जिल्ह्याची लोकसंख्या साडेअकरा लाखांच्या आसपास. म्हणजे जिल्ह्यात जन्मलेल्या दर सहा-सात माणसांतला एक मुंबईत!

कारणं तशी उघड आहेत. पाऊस रग्गड, पण पाणी धरणार कोण? वर जांभा दगड, मातीचा थर पातळ. भात होतं ते खाली सपाटीला, तेही थोडं. वरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी. त्यात खोतीची पद्धत. कुळाने भाताचं अर्धं पीक खोताच्या घरी नेऊन घालायचं, याला 'अर्धेल' म्हणत. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं बिल मांडलं, पण प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडलं. उरलेल्या अर्ध्या भातात वर्ष निघत नसे. कर्ज, लग्न, कपडालत्ता, सगळ्याला रोख पैसा हवा, आणि गावात रोख पैसा कुठून येणार? तो मुंबईतून यायचा. १८८० पासून पोस्टाने मनीऑर्डर सुरू केली आणि तो रस्ता पक्का झाला.

थोडक्यात काय, कोकणी माणूस शेती *सोडून* मुंबईला गेला नाही. शेती *टिकवायला* गेला. हा फरक फार महत्त्वाचा आहे, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

घराच्या मधून जाणारी रेघ

आपण 'ग्रामीण-शहरी दरी' म्हणतो तेव्हा डोळ्यासमोर नकाशा येतो. इकडे गाव, तिकडे शहर, मधे रेघ. पण १९२१ चे स्त्री-पुरुषांचे आकडे पाहा. मुंबईत हजार पुरुषांमागे बायका सुमारे ५२५. आणि रत्नागिरी जिल्ह्यात? हजार पुरुषांमागे अकराशेच्या वर. एका ठिकाणची कमी दुसऱ्या ठिकाणची जास्ती. रेघ गाव आणि शहराच्या मधून जात नव्हती, ती घराच्या मधून जात होती. नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या बाजूला.

(हे प्रकरण अजून संपलेलं नाही बरं का. २०११ सालीसुद्धा महाराष्ट्रात पुरुषांपेक्षा बायका जास्त असलेले दोनच जिल्हे होते. रत्नागिरी, हजारी ११२२, आणि सिंधुदुर्ग, हजारी १०३६. मुंबई शहर ८३२.)

माझ्या घरातलं सांगतो. आजोबा १९६२ साली, वयाच्या अठराव्या वर्षी गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. बदली म्हणजे रोज सकाळी दारात जाऊन उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत. लग्न १९६६ सालचं. आजी राजापूर तालुक्यातल्या गावात सासू-सासऱ्यांजवळ राहिली. आजोबा शिमग्याला यायचे आठ दिवस, मे महिन्यात वीस दिवस आणि गणपतीत बारा दिवस. मी एकदा सहज गुणाकार केला. वर्षाला चाळीस दिवस, संपापर्यंतची सोळा वर्षं, एकूण ६४० दिवस. सोळा वर्षांच्या संसारात नवरा-बायको एका छपराखाली पावणेदोन वर्षं!

आजीला हा आकडा सांगितला. ती म्हणाली, "येवडे तरी भरले काय रे? मला वाटलं, कमीच असतील."

आजी कधी तक्रारीच्या सुरात बोलत नाही. पण तिच्याकडून एक गोष्ट कळली ती कुठल्या तक्त्यात सापडली नव्हती. मनीऑर्डर मुंबईहून गावाला यायची हे सगळे सांगतात. पण गावाहून मुंबईला काय जायचं? तांदूळ, कुळीथ, कोकमं, सुकी मासळी, आणि दर मे महिन्यात परतताना डोक्यावर एक गोणपाट. आजोबांच्या खोलीवर गावचाच तांदूळ शिजायचा. तो तांदूळ कोणी पिकवला? लावणी, काढणी, झोडणी, सगळं आजी आणि तिच्या जावांनी. सातबारा अर्थात आजोबांच्या आणि त्यांच्या भावांच्या नावावर.

आता गिरणीमालकाच्या बाजूने बघा. कामगाराला किती पगार द्यावा लागेल? त्याचं एकट्याचं मुंबईत भागेल आणि वर थोडं गावी पाठवता येईल इतका. बायको, पोरं, म्हातारे यांचं पोट, घर, आजारपण, बाळंतपण हे सगळं गावाच्या खात्यावर. कामगार आजारी पडला तर गावी जाईल. म्हातारा झाला तर गावी जाईल. त्याच्या जागी त्याचा मुलगा येईल, ज्याला अठरा वर्षं गावाने फुकट वाढवलंय. आमच्या भाषेत सांगायचं तर गिरणीने आपला निम्मा खर्च दुसऱ्याच्या सर्व्हरवर टाकला होता, आणि त्याचं बिल कधी भरलं नाही.

खोली, खाणावळ, कूड

मुंबईत माणसं राहायची कशी, हा एक स्वतंत्र विषय आहे. १९२१ च्या सुमारास शहरातले सुमारे दोन-तृतीयांश लोक एका खोलीच्या घरात राहत. ब्रिटिश सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला २०७ चाळी बांधल्या, त्याच बीडीडी चाळी. खोली साधारण १६० चौरस फुटांची. एका खोलीत दहा-पंधरा माणसं, कारण पाळ्या वेगवेगळ्या. एक पाळीला गेला की त्याच्या वळकटीच्या जागी दुसरा.

पण ही माणसं एकमेकांना परकी नव्हती. खोली बऱ्याचदा 'गावाची' असायची. एकाच गावचे पुरुष मिळून भाडं भरायचे, नवा पोरगा आला की त्याला पथारी मिळायची आणि कोणीतरी जॉबरला सांगून त्याला चिकटवायचा. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, भांडणाचा निवाडा, सगळं त्या खोलीत बसून ठरायचं. गोव्याच्या लोकांनी हीच पद्धत आणखी नेटकी केली. बोटीवर काम करणारे खलाशी आणि आचारी धोबीतलावच्या आसपास गावागावाचे 'कूड' चालवत. वर्गणी, सामानाची पेटी ठेवायला जागा, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. एकेकाळी असे कूड शेकड्यांनी होते, थोडे अजून आहेत. पोर्तुगीज राज्यातून ब्रिटिश राज्यात आलेला माणूस, पण रात्री झोपायचा तो आपल्याच गावात!

जेवणाची सोय खाणावळीत. इथे बायका दिसतात. कोणी गिरणी कामगाराची बायको, कोणी विधवा, कोणी टाकलेली. घरातल्या घरात पंधरा-वीस जणांची चूल सांभाळायच्या, पैसे महिन्याच्या पगाराला मिळायचे, तोवर वाणी आणि सावकार. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली या खाणावळवाल्यांचं 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभं केलं, तेव्हा कुठे त्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं. गिरणीतही बायका होत्या, १९२० च्या दशकात साधारण पाचातली एक. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या बाईला नायकीण म्हणत. पुढे ही संख्या घटतच गेली.

आकड्यांच्या लोकांसाठी एक उदाहरण. १९२१ साली मुंबईत हजार जन्मांमागे सहाशेहून जास्त अर्भकं दगावल्याची नोंद आहे. भयंकर आकडा, आणि परिस्थिती भयंकर होतीच. पण त्यात एक मेख आहे. बायका बाळंतपणाला गावी जायच्या, त्यामुळे जन्म गावात व्हायचा, आणि मूल घेऊन परत आल्यावर ते दगावलं तर मृत्यूची नोंद मुंबईत. भागाकारातला वरचा आकडा एका जिल्ह्यातला, खालचा दुसऱ्या जिल्ह्यातून गळलेला. जनगणना तर त्या काळी एका रात्रीत व्हायची, माणूस त्या रात्री जिथे सापडला तिथला. अशा मोजणीत 'दोन्हीकडे राहणारा माणूस' हा रकानाच नाही.

गावाचा विमा

ही व्यवस्था किती पक्की होती हे संकटात कळतं.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांना मांडवी भागात प्लेगचा रोगी सापडला. पुढच्या चार-पाच महिन्यांत शहरातून सुमारे ३ लाख ८० हजार माणसं निघून गेली, म्हणजे जवळजवळ निम्मं शहर. गिरण्या ओस पडल्या. उरलेल्या कामगारांना टिकवायला मालकांना रोजच्या रोज मजुरी द्यावी लागली, एरवी पगार महिन्याने आणि तोही उशिरा! गेलेली माणसं कुठे गेली? गावी. तिथे चूल होती म्हणून जाता आलं. (त्यांच्याबरोबर प्लेगही गावोगाव गेला, ही त्याची दुसरी बाजू.)

दुसरं उदाहरण १९२८ चा संप. सुमारे दीड लाख कामगार, एप्रिल ते ऑक्टोबर, जवळजवळ सहा महिने. त्याच संपात गिरणी कामगार युनियन उभी राहिली. सहा महिने पगार नाही तर माणूस जगेल कसा? हजारो कामगार सरळ गावी गेले. शेतीचा हंगाम होता, तिकडे हातही लागतच होते. ज्या गावामुळे मालकाला स्वस्त कामगार मिळत होता, तेच गाव कामगाराला सहा महिने लढायची ताकदही देत होतं. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १० जून १८९० ला गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली हे आपण कृतज्ञतेने सांगतो. (तिच्याच जिवावर मी आज आकडे चाळतोय!) पण कामगारांच्या लढ्यामागे भात लावणाऱ्या गावातल्या बायका होत्या, हे सहसा कोणी सांगत नाही.

सरकारला हे सगळं दिसत होतं. १९२९ साली व्हिटली साहेबाच्या अध्यक्षतेखाली कामगारांविषयीचा शाही आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल १९३१ साली आला. कामगाराचं गावाशी असलेलं नातं तोडावं का, यावर आयोगाचं मत पडलं की तोडू नये, ते नातं ही जमेची बाजू आहे, ते टिकवून त्याला वळण लावावं. वाचताना मनात येतं, जमेची बाजू कोणाच्या खात्यात? निवृत्तिवेतन नाही, बेकारभत्ता नाही, आजारपणाचा पगार नाही. हे सगळं 'गाव' नावाच्या विमा कंपनीने द्यायचं, आणि हप्ता भरायचा आजीने.

मग १९८२

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. कामगारांचा अंदाज पूर्वीच्या अनुभवावरून होता, की थोडे महिने गावी काढू, मालक नमतील. आजोबाही वळकटी गावाच्या खोलीवर ठेवून आले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही.

आणि यावेळी गाव पुरं पडलं नाही. का? कारण गाव आता पूर्वीचं राहिलं नव्हतं. शंभर वर्षांत जमिनीच्या वाटण्या होऊन होऊन एकेकाच्या वाट्याला चार-दोन गुंठे राहिलेले. १९२८ साली गाव मुंबईला खाऊ घालू शकत होतं, १९८२ पर्यंत गावच मनीऑर्डरवर जगायला लागलं होतं. विमा कंपनीचा पैसा त्याच गिरणीत गुंतवलेला असेल तर गिरणी बुडाल्यावर भरपाई कोण देणार? मुंबईत संप झाला आणि राजापूर तालुक्यातल्या वाण्याने उधारी बंद केली. आजीने तेव्हा पहिल्यांदा दुसऱ्याच्या आंब्याच्या बागेत मजुरी केली. आजोबा अडतीस वर्षांचे होते. ते परत गिरणीत गेले नाहीत, त्याच बागेची राखण करू लागले. बाबा सतराव्या वर्षी मुंबईला गेले, पण गिरणीत नाही, एका गाळ्यात. गावाने वाढवलेला पुढचा मुलगा, फक्त यावेळी त्याच्यासाठी पीएफ आणि युनियनसुद्धा नव्हती.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करायचं ठरलं, महापालिका, म्हाडा आणि मालक. २००१ साली नियम असा बदलला की वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची होणार, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. गिरण्यांच्या जागी मॉल आले, टॉवर आले, आणि हो, आमच्यासारख्यांची ऑफिसंही आली. चाळीतल्या माणसांनी खोल्या विकून विरार, बदलापूर, दिवा गाठलं. म्हणून २००१ ते २०११ मध्ये मुंबई शहर आटलं. आणि मनीऑर्डर येईना, शेती पुरेना, म्हणून घरातल्या उरलेल्या माणसांनाही गाव सोडावं लागलं. आधी एकटा पुरुष जायचा, आता अख्खं बिऱ्हाड जातं आणि घराला कुलूप लागतं. पोस्टाने मनीऑर्डरची जुनी सेवाही २०१५ साली बंद केली. ते एकच घर होतं. मोडलं तेव्हा दोन्हीकडून मोडलं.

हे सगळं आज कशाला?

कारण ही व्यवस्था गेली नाही, फक्त माणसं आणि जिल्हे बदलले. मार्च २०२० मध्ये चार तासांच्या सूचनेवर देश बंद झाला तेव्हा लाखो माणसं चालत निघाली. टीव्हीवर सगळे विचारत होते, 'हे लोक चालत का निघालेत? आहेत तिथे का थांबत नाहीत?' १८९७ साल माहीत असेल तर उत्तर सोपं आहे. त्यांचं शहरात घर नव्हतंच. शहरात त्यांचे फक्त हात राहत होते, चूल बिहारात, झारखंडात, मध्य प्रदेशात होती. ८ मे २०२० ला औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले, ते असेच घरी निघाले होते. सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत सांगितलं की सुमारे १ कोटी ४ लाख मजूर आपापल्या राज्यांत परतले, आणि वाटेत किती जण मेले याची नोंद ठेवलेली नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांची नोंद ठेवा असं सांगणारा कायदा तर १९७९ चा होता!

त्याच उन्हाळ्यात कोकणातल्या काही गावांनी चाकरमान्यांना वेशीवरच अडवलं. आधी शाळेत चौदा दिवस राहा, मग घरात या. पुष्कळांना ते लागलं. शंभर वर्षं वर्गणी देऊन देऊळ बांधलं आणि आता आम्हालाच बाहेर ठेवता? मला दोन्ही बाजू समजतात. पण आजी काय म्हणाली सांगतो: "मुंबैचं दुखणं नेहमी हितंच येतं. आधी पण येत होतं."

मी स्वतः पुण्यात नोकरी करतो. माझ्या पगारात घरभाडं धरलंय, मेडिक्लेम आहे, त्यात आई-बाबांचं नाव आहे, पीएफ कापला जातो. म्हणजे आजोबांच्या वेळी जो खर्च आजी उचलत होती तो माझ्या बाबतीत कंपनी (थोडाफार) उचलते. मी 'शहरी' आहे याचा खरा अर्थ एवढाच. माझ्या सोसायटीशेजारी टॉवर बांधणाऱ्या पत्र्याच्या खोल्यांतल्या मुलांचा तोच खर्च आजही कुठल्यातरी गावातली कोणाची तरी आई उचलते आहे. फ्लॅटच्या किमतीत ती कुठेच धरलेली नाही.

त्यामुळे 'शहराने गावाला काय दिलं' किंवा 'गावाकडून शहरावर लोंढे येतात' असल्या चर्चा सुरू झाल्या की मला त्या गोणपाटातला तांदूळ आठवतो. लोंढा म्हणणाऱ्याला एकच विचारावंसं वाटतं: ज्याला तुम्ही लोंढा म्हणता त्याला अठरा वर्षं कोणी वाढवलं, आणि काम संपल्यावर त्याला कोण सांभाळणार?

असो. या शिमग्याला गावी गेलो की आजीकडून लावणीच्या दिवसांचा सगळा हिशेब लिहून घ्यायचा आहे. कोणत्या शेतात किती भात, किती घरात राहिलं, किती मुंबईला गेलं. तिला सगळं पाठ आहे, आणि ते लिहून ठेवलेलं कुठेच नाही. तुमच्याही घरात अशी कोणी आजी असेल तर वेळेत विचारून घ्या.